उरकुडे सर आणि अकरा स्टफ

उरकुडे सर घरबसल्या कुठल्याही शब्दाचं भाषांतर करत नसत. ते आधी शब्दाच्या घरी जात, त्याच्या अंगणात चहा घेत, त्याची खुशाली विचारत आणि मगच त्याला फ्रेंचमध्ये न्यायचं की नाही ते ठरवत. ही अतिशयोक्ती नाही. अतिशयोक्ती मी पुढे करणार आहे.

वर्ध्यातल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही पोरं फ्रेंच घ्यायचो ती फ्रान्सच्या प्रेमानं नव्हे, मार्क भरघोस पडतात म्हणून. सरांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. एकदा पुस्तकात वाक्य आलं, 'आचारी रागावला आहे.' दुसऱ्या मास्तरांनी फळ्यावर लिहून विषय संपवला असता. सरांनी चाळीस पोरांची रांग केली आणि थेट वसतिगृहाच्या खानावळीत नेली. आचारी शांतपणे पुऱ्या तळत होता. सर त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "भाऊ, काल वरणात मीठ नव्हतं." त्यानं पुरी उलटली. "परवाबी नव्हतं." आचाऱ्याचं नाक फुगलं. "तुह्यापेक्षा आमच्या समुद्रपूरच्या स्टँडवरचा म्हातारा बरा बनवते." त्यावर जो झारा उडाला तो सेवाग्रामच्या रेल्वे फाटकापाशी सापडला म्हणतात. आम्ही सैरावैरा पळत होतो आणि सर पळता पळता ओरडत होते, "पाहा रे पोरायहो, डोये उघडे ठेवून पाहा! हा 'फाशे' नोहे, फाशे म्हणजे साधा राग! हा 'फ्युरिय' हाये, फ्युरिय!" आज माझं सगळं फ्रेंच विसरून झालंय, पण रागाचे हे दोन भाव अजून पाठ आहेत: एक साधा, एक झाऱ्याचा.

"डिक्शनरी म्हणजे फोटो पाहून केलेलं लगन हाये," सर म्हणायचे. "चेहरा दिसते, चाल नाई दिसत. पाह्यल्याशिवाय शब्दाले हात लावाचा नाई."

सर बारा महिने काळा कोट घालत. वर्ध्याच्या मे महिन्यात डांबर पातळ होतं, सरडे सावलीसाठी भांडतात, तेव्हाही कोट अंगावर. मी एकदा विचारलं, "सर, एवढ्या उन्हात कोट काऊन?"

"फ्रान्समंधी थंडी असते."

"पण सर, आपण वर्ध्यात आहोत."

"मी वर्ध्यात हाओ," सर म्हणाले. "विषय तिथला हाये."

सरांचं घराणं समुद्रपूरचं, पऱ्हाटीवाल्यांचं, म्हणजे कापूस पिकवणाऱ्यांचं. फ्रेंच त्यांना मिळालं ते आठवडी बाजारात. चिवडेवाल्याकडे पुडे बांधायला आलेल्या रद्दीत तीन जाडजूड फ्रेंच पुस्तकं होती. सरांनी ती फाडू दिली नाहीत, उचलून घरी नेली. त्या पुस्तकांतली माणसं घोडागाडीनं प्रवास करायची, टोपी काढून नमस्कार करायची आणि एकमेकांना पानपानभर पत्रं लिहायची. सर ती शेतात डवरणीच्या वेळी बैलांना मोठ्यानं वाचून दाखवत. त्यांचे तिन्ही बैल फ्रेंच 'आरेते' म्हटल्याशिवाय थांबत नसत, असं गावातले लोक सांगतात. आणि मी त्यात फक्त दोन बैलांची भर घातली आहे. पुढे सरांनी टपालानं अभ्यास केला, परीक्षा दिल्या, नोकरी धरली.

पण सरांच्या मनात एक काटा होता आणि तो त्यांनी मला दाखवला. माझं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सर प्रश्नपत्रिकेच्या प्रती काढायला आले होते. प्रती निघत होत्या आणि सर मशीनकडे पाहत म्हणाले, "नितीन, एक सांग. म्या शिकलो पुस्तकातून. पुस्तक लिहिलं कोण्या मेलेल्या माणसानं. परीक्षा घेतली पुण्याच्या बाईनं, तिनंबी फ्रान्स नाई पाह्यला. तीस वर्षं म्या पोरायले शिकवलं. यात फ्रेंच माणूस कुठी हाये?"

"कुठीच नाही सर."

"मंग हे म्या जे बोलतो ते फ्रेंचच हाये, का समुद्रपूरचंच काई वेगळं हाये?"

मी हसलो. सर हसले नाहीत. प्रती घेऊन, कोटाची बटनं लावून निघून गेले.

आणि मग प्रणाली आली.

प्रणाली रोहण्याची. आर्वी तालुक्यातलं रोहणा. बाप कपाशी आणि संत्री करतो, आई शिवणयंत्रावर अख्ख्या गावाचं फाटकं जोडून देते. लेक सरांच्या हाताखालून माझ्यानंतर दहा वर्षांनी निघाली आणि नागपूरला कापडाचं शिक्षण घेऊन आली. पोरीच्या बोटांत काही वेगळंच होतं. तिनं रफू केलेली जागा शोधायला भिंग लागायचं, आणि भिंगातूनही ती सापडायची नाही. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावात शेकडो वर्षं जुनी कापडं दुरुस्त करायला शिकवणारी एक शाळा आहे. तिथे बाहेरच्यांसाठी एक जागा. अर्ज ऑनलाइन, सोबत स्वतःबद्दलचं पत्र, तेही फ्रेंचमध्ये. ती माझ्या दुकानात आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. घरी बापाशी बोली झाली होती: यंदा फ्रान्सची चिठ्ठी आली तर जायचं, नाही आली तर यंदाच लग्न. दोन स्थळं दारात उभीच होती.

पोरीनं पत्र इंग्रजीत लिहिलं होतं आणि फोनला सांगून फ्रेंच करून आणलं होतं. मी म्हटलं, पाठवू. पण ती अडली. "नितीनदादा, एकदा सरायले दाखवू."

सरांनी माझ्या दुकानात उभ्याउभ्याच वाचलं. पहिल्या ओळीला भुवई वर गेली, तिसरीला दुसरी. "शोझ," सर म्हणाले. "शोझ. शोझ. वापस शोझ. पोरी, हे पत्र हाये का सर्दी झाली कोणाले?"

तेव्हा उलगडलं. प्रणालीनं इंग्रजीत अकरा वेळा 'स्टफ' लिहिलं होतं. आई जुना स्टफ दुरुस्त करते, मी कुठलाही स्टफ जोडू शकते, मला खूप स्टफ शिकायचाय, माझा स्टफ मी बांधून ठेवलाय. आणि फोननं अकराही ठिकाणी एकच ठोकळा बसवला होता: शोझ, म्हणजे वस्तू.

"हा स्टफ मुळात कोणाचा हाये माहीत हाये का?" सर गरजले. समोरच्या पानटपरीवरचे लोक आत डोकावले. "फ्रेंच लोकायचा! त्यायचा 'एतोफ', म्हणजे कापड. इंग्रजायनं जुन्या काळी उसना नेला अन् वापरू वापरू त्याचं पोतेरं केलं. आता सामानबी स्टफ, खानंबी स्टफ, अक्कलबी स्टफ! शेजारीण पातेलं नेते अन् वापस देते तं बूड नाई, तसं झालं."

"मंग सर, अकरा ठिकाणी एतोफ लिहून परत करून टाकू," मी म्हटलं.

"तुह्या डोक्यात टोनर भरला काय बे? अकरा स्टफ म्हणजे अकरा वेगवेगळे असामी हायेत. त्यायचे चेहरे पाहाव लागन." सरांनी कोट झटकला. "चाल रोहण्याले."

प्रणालीला एका कागदावर शिक्का आणायला नागपूरला जाणं भाग होतं. तिनं घरी फोन लावला. फोन आत्यानं उचलला. "आत्या, सर येऊन राह्यले एका माणसाले घेऊन. त्यायले माहं सगळं सामान दाखवजा," एवढं बोलून पोरगी बसमध्ये चढली. आता तुम्हीच सांगा. घरात लग्नाची पोरगी, कोट घातलेले एक वडीलधारे, बरोबर चौतीस वर्षांचा एक बिनलग्नाचा माणूस. आत्यानं काय समजायचं?

आम्ही रोहण्याला उतरलो तर स्टँडवरच दोन माणसं घ्यायला. अंगणात सडा, रांगोळी. दोन खुर्च्या, त्यांवर विणलेले रुमाल. कुंपणापलीकडे शेजारपाजारच्या बायका अशा दाटीनं उभ्या की कुंपण अलीकडे झुकलं. प्रणालीचा बाप इस्त्रीचा शर्ट घालून गोंधळलेला. त्यालाही बहिणीनं फोन ठेवताच अंघोळीला पिटाळलं होतं. सर खुर्चीत बसले, वही उघडली आणि म्हणाले, "पोरीचं सगळं सामान दाखवा. लपवाचं काई नाई."

आत्या हरखल्या. इतका रोखठोक वरपक्ष त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तोरणं आली, उशांचे अभ्रे आले, लोकरीचे मोर आले. "हे कोणं केलं?" सर विचारत. "पोरीनंच," आत्या सांगत. भिंतीवरचं घड्याळ? पोरीनंच. मला वाटतं, सरांनी बोट दाखवलं असतं तर गोठ्यातलं वासरूसुद्धा पोरीनंच केलं असं त्या म्हणाल्या असत्या.

इकडे माझ्यापुढे पोहे आले, लाडू आले, गरम सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, आली.

"काय करता जी तुमी?" आत्यांनी विचारलं.

"झेरॉक्सचं दुकान आहे वर्ध्याला."

"मशीन सोताची हाये का?"

"स्वतःची. दोन आहेत." तत्काळ माझ्या ताटलीत आणखी चार सांबारवड्या पडल्या.

खरं सांगतो, दुसऱ्या ताटलीलाच मला सगळं कळलं होतं. पण सांबारवडी अशी होती की सत्य पाचव्या ताटलीपर्यंत थांबू शकत होतं.

शेवटी आत्यांनीच पदर सावरून विचारलं, "मंग काय जी, मुलाच्या मनात काय हाये?"

"मुलाचं काय घेऊन बसल्या बाई," सर वहीतून मान वर न करता म्हणाले. "आमाले तं पोरगी फ्रान्सले धाडाची हाये."

कुंपणावर टेकलेल्या बायका एकदम ताठ झाल्या, आणि कुंपणही सरळ झालं.

"अन् नवरदेव?"

"नवरदेव कोण?" सरांनी विचारलं. सगळ्या रोहण्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात वडी होती.

पहिल्यांदा हसली ती प्रणालीची आई. इतका वेळ ती आत शिवणयंत्रापाशीच होती. पदरानं डोळे पुसत बाहेर आली आणि सरांना म्हणाली, "या जी. खरं सामान इकडं हाये."

घराच्या मागच्या खोलीत छतापर्यंत ढीग होता. फाटकी पोती, मांडवाचे पडदे, छत्र्यांची कापडं, बैलांच्या झुली, कोणाच्या मेलेल्या सासूचं लुगडं, कोणाच्या पहिल्या लेकराचं झबलं. "लोक टाकून देते, आमी ठेवतो," आई म्हणाली. "पोरगी इथंच बसून शिकली. सर, ते जाऊ शकत असन तं जाऊ द्या. इथं राह्यली तं जल्मभर पोतेच जोडन माह्यासारखी."

सरांनी ढिगाला वरपासून खालपर्यंत हात लावून पाहिला. मग एकदम आनंदानं ओरडले, "बाझार!" आई दचकली. "बाई, फ्रेंच लोक अशा ढिगाले बाझार म्हणते! आपलाच बाजार तिथं जाऊन बसला!" वहीत पहिली नोंद झाली. मग सर त्या ढिगाला भिडलेच. जुनं लुगडं हातात घेतलं: हा खरा एतोफ. झुलीचा गोंडा: हा 'त्र्युक', म्हणजे नाव न आठवणारी लहानसहान चीज. कोपऱ्यात प्रणालीची ट्रंक भरून तयार होती, चिठ्ठी यायच्या आधीच. सरांनी तिच्यावर हात ठेवला. "हे आफेर. माणसाचं सोताचं. हे कोणालेबी उसनं देता येत नाई." निघताना बाप बसपर्यंत आला. सरांच्या पिशवीत संत्री टाकत राहिला, पिशवीचा बंद तुटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत दहा स्टफ मार्गी लागले. सर सांगत होते, मी टाइप करत होतो, एकेका अक्षराच्या डोक्यावर फ्रेंच खुणांच्या टोप्या चढवत होतो. राहिला अकरावा. पत्राची शेवटची ओळ: 'मला फार काही येत नाही, पण हा माझा स्टफ आहे.'

सर अडले. तीन पुस्तकं उघडली, मिटली. साडेतीन. चहा आला, गार झाला. चार. प्रणालीचा चेहरा रडवेला. "सर, लिहून टाका काईतरी. शोझ लिहा."

"शोझ लिहीन तं कोट काढून ठेवीन," सर म्हणाले. मग हळू आवाजात, "पोरी, म्या याले पाह्यलाच नाई. दाखव."

प्रणालीनं इकडे तिकडे पाहिलं. दुकानात कागदाशिवाय काय असणार? मग तिचं लक्ष सरांच्या कोटाच्या कोपराकडे गेलं. तिथे फाटलं होतं, कदाचित आचाऱ्याच्या काळापासून. तिनं पिशवीतून सुई काढली, सरांचा हात काउंटरवर आडवा ठेवला आणि कोट अंगावर असतानाच रफू करायला लागली. रडणं थांबलं. घड्याळ थांबलं. तिनं कशाकडे पाहिलं नाही, सुईकडेसुद्धा नाही. बोटं आपापली चालली होती. सर त्या बोटांकडे टक लावून पाहत होते. मी पोरगीकडे पाहत नव्हतो, सरांकडे पाहत होतो. तीस वर्षं झाऱ्यापासून झुलीपर्यंत शब्दांच्या मागे धावलेला माणूस पहिल्यांदा जागेवर बसून होता.

"लिही," सर म्हणाले. "मे मँ साव."

"म्हणजे?"

"माह्या हातायले ठाऊक हाये." सर म्हणाले. "अन् स्टफ काढून टाक. त्याची गरज नाई."

पाचला सात मिनिटं कमी असताना अर्ज गेला.

पुढचा महिना सरांनी कसा काढला ते विचारू नका. आता पत्र खऱ्या फ्रेंच माणसाच्या हाती पडणार होतं. पोरीची जागा आणि सरांची तीस वर्षं, दोन्ही एकाच कागदावर. सर केळझरला गणपतीला गेले, टेकडी चढले आणि त्याच्यापुढे उभे राहून सगळी हकिकत फ्रेंचमध्ये सांगितली. "त्याले सगळ्या भाषा येते," मला म्हणाले, "चूक असन तं काढन." पुजाऱ्याला वाटलं, कुठला तरी दुर्मीळ मंत्र आहे, त्यानं प्रसाद दुप्पट दिला. सरांनी तो शुभशकुन धरावा की नाही यावर आठ दिवस घालवले.

मग ईमेल आला: प्रणालीशी कॅमेऱ्यावर बोलायचंय. माझ्या दुकानात नेट बरं, म्हणून मुलाखत तिथेच. सरांनी बजावलं, "म्या दिसलो नाई पाह्यजे." आणि झेरॉक्स मशीनमागे उकिडवे बसले.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई. प्रणालीशी इंग्रजीत नीट बोलल्या, तिचे नमुने पाहिले, माना डोलावल्या. मग पत्र हातात धरून त्यांनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं, हे कोणी लिहिलं असंच असावं. प्रणाली खोटं बोलणारी नव्हती. "मों प्रोफेसर," ती म्हणाली आणि मशीनकडे बोट केलं.

सर उठले. चाळीस पोरांच्या वर्गासाठी राखलेल्या आवाजात "बोंझूर, मादाम!" म्हणाले, बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. मग सर बोलत राहिले, घोडागाडीच्या चालीनं, टोपी काढल्यासारखे हात करत. मला फक्त 'समुद्रपूर' कळलं, तीनदा. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि हसल्या, आणि काहीतरी बोलल्या. सरांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला. पडदा बंद झाला.

"काय म्हणे सर?" प्रणालीनं विचारलं.

"म्हणे, असं आजकाल कोणी बोलत नाई. तिच्या आजोबाचे आजोबा असे पत्र लिहीत."

संपलं, मला वाटलं. जागाही गेली आणि सरही गेले. प्रणाली खाली बसली. सर मात्र उभेच होते, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. मग त्यांनी माझी कॉलर धरली. "आजकाल नाई म्हणे. नितीन, आजकाल नाई! म्हणजे पयले बोलत होते ना बे! होतं! कोणीतरी होतं!" आणि त्यांनी झेरॉक्स मशीनला अशी मिठी मारली की बटन दाबलं गेलं आणि सरांच्या कोटाच्या सतरा प्रती बाहेर आल्या. सतरावी अजून माझ्या दुकानात लावलेली आहे. पोट थोडं काळं आलंय.

जागा प्रणालीलाच मिळाली. चिठ्ठी आली त्या दिवशी रोहण्याहून बाप संत्र्यांचं पोतं घेऊन आला आणि स्टँडवरच्या प्रत्येक कंडक्टरला वाटत सुटला. जायच्या दिवशी ती रोहण्याहून नागपूरच्या बसमध्ये बसली तेव्हा सगळं गाव निरोपाला. आत्या रडत होत्या, मला पाहून थोड्या जास्तच. प्रत्येकानं काही ना काही सांगितलं: नीट खाजो, फोन लावजो, थंडीत कान झाकजो.

सर खिडकीपाशी आले. "तिथं माह्यासारखं बोलू नको पोरी," ते म्हणाले. "हासतीन. ते बोलतीन तसंच बोलजो."

बस हलली. सर खिडकीला धरून चार पावलं पळाले, कोट उडत होता.

"पण एखांदा लय म्हातारा माणूस भेटला," सर ओरडले, "तं त्याच्यासंग माह्यासारखं बोलजो. त्याले बरं वाटन!"